उंबऱ्यावरची फोडणी

नद्यांना अजून नावे पडायची होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण तिच्यातली चूक लहानांच्या हातून सहसा होत नाही.

टेकडीखालच्या एका गावात एक तरुण वैद्य परत आला. बारा वर्षे तो दूरच्या आश्रमात शिकला होता. माणूस आजारी पडतो तो सुखाच्या मागे लागून, ही एक गोष्ट त्याने तिथे मनाशी पक्की केली होती. म्हणून तो स्वतः अळणी खाई, उघड्या जमिनीवर झोपे आणि कुणी गाऊ लागले की वाट बदली. मन मात्र निर्मळ होते. आपल्या गावात कुणी औषधावाचून मरू नये, याच ध्यासाने तो आला होता.

त्याच वर्षी गावात तापाची साथ पसरली. वैद्य घरोघर फिरला. त्याने लंघन करवले, कडू काढे पाजले, मग अळणी पेज दिली. एकेक माणूस उठून बसू लागला. वैद्याला वाटले, आपले शिक्षण खरे ठरले.

त्या गावची एक जुनी रीत होती. कुणाचा ताप उतरला की शेजारणी त्याच्या उंबऱ्यावर चूल मांडत आणि भाताला लसणाची खमंग फोडणी देत. वास घरात जाई. रोग्याने आपणहून मागेपर्यंत मात्र त्याला एक घासही मिळत नसे. वैद्याने ही रीत बंद केली. ताप जातो न जातो तोच जिभेचे लाड कशाला, असे त्याने बायकांना खडसावले. बायकांनी निमूट चुली उचलल्या. ज्याने घरची माणसे वाचवली, त्याच्याशी वाद कोण घालणार?

सगळे बरे झाले, एक रखमाजी कुंभार तेवढा उठेना. ताप उतरून आठ दिवस झाले होते. पेजेची वाटी पुढे केली की तो भिंतीकडे तोंड फिरवी. त्याची बायको येसू आर्जवे करून थकली. वैद्याने पोथ्या चाळल्या, काढे बदलले. नवव्या दिवशी दुपारी रखमाजीची नाडी बोटांना जेमतेम लागत होती. वैद्य बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. रोग उरला नव्हता, तरी माणूस हातचा चालला होता, आणि यावर त्याला काही शिकवलेले नव्हते.

येसू मागोमाग आली.

"वैद्यबुवा, ताप तुम्ही घालवलात. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. पण तापाच्या पाठोपाठ हा माणूसही निघालाय. मला त्याला हाक मारू द्या."

"मार की. मी कुठे अडवलंय?"

"आमच्याकडे ती हाक चुलीवरून मारतात."

वैद्य उठला आणि त्याने स्वतःच चुलीसाठी तीन दगड आणून मांडले.

शेजारणी जमल्या. कुणी तांदूळ आणले, कुणी तेल. एकीने तर वैद्याला नाक धरून बसायला सांगितले, नाहीतर त्यालाच भूक लागायची म्हणून. भात शिजला. कढईत मोहरी तडतडली, लसूण पडला, वास दारातून आत गेला. सगळ्या जणी कान देऊन थांबल्या. आत काहीच हालले नाही. येसूचे डोळे कढईवरून दाराकडे वळले ते तिथेच राहिले.

तेवढ्यात आतून खरखरीत आवाज आला.

"येसू, लसूण करपतोय गं."

येसू पदर तोंडाशी धरून मटकन खाली बसली. शेजारणीने घाईघाईने कढई उतरवली. थोड्या वेळाने रखमाजीने विचारले की, तो भात त्याच्यासाठी आहे की गावजेवण आहे.

वैद्याने त्याला आपल्या हाताने भरवले. दोन घास गेले आणि रखमाजीने भिजवलेल्या मातीची चौकशी केली, तिच्यावर कुणी पाणी मारले की नाही म्हणून. पाचव्या घासानंतर त्याने आणखी मागितले, तर येसूने थाळी मागे ओढली. तो कुरकुरला.

"आज एवढंच," ती म्हणाली. "उद्याही भूक लागली पाहिजे."

वैद्य तिच्याकडे पाहतच राहिला. बारा वर्षांत शिकलेला संयम या बाईला ठाऊक होता, आणि त्याला न शिकवलेलेही काही ठाऊक होते. येसूने उरलेल्या भाताची मूठ त्याच्या तळहातावर ठेवली. तो जेवला. गरम भात, करपलेला लसूण, चिमूटभर मीठ. त्याचे डोळे भरून आले. हे कुणी पेरले, कुणी कांडले, कुणी आणून दिले, ते एकेक त्याला आठवत गेले, आणि प्रत्येकासाठी त्याने मनोमन हात जोडले.

महिन्याभरात रखमाजीचे चाक फिरू लागले. वैद्य पुढेही कडू काढे देत राहिला, लंघनही करवीत राहिला. पण कुठल्याही घरात गेला की नाडीला हात लावण्याआधी रोग्याला विचारी, "तुला काय आवडतं?" आणि उत्तर नीट ध्यानात ठेवी.

तात्पर्य: सुखाच्या मागे धावू नये, पण ते दारी आले की कृतज्ञतेने आणि बेताने घ्यावे, कारण जगावेसे वाटते ते त्याच्यामुळेच.