मधवाल्याचा दोर

फार पूर्वी एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक मधवाला राहत होता. कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागत. कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा आणि मध काढायचा. वर दोर धरायला मात्र बायकोचा भाऊच हवा, अशी त्या गावची रीत होती. सख्खा भाऊ एक वेळ वाटणीसाठी दोर सोडेल, पण मेव्हणा आपल्याच बहिणीचं कुंकू कसं पुसेल? रीतच अशी संशयातून जन्मलेली, आणि हा मधवाला तर संशयाच्या बाबतीत सगळ्या गावाला वरचढ.

त्याला दारूचं व्यसन लागलं. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग तोंड धुण्याआधीच. हात थरथरू लागले, कपारीत पाय ठरेना.

एके सकाळी मेव्हण्याने दोर खाली ठेवला.

"दाजी, दारू सुटेस्तोवर मी दोर धरनार न्हाई. घाटाखाली एक घर हाय. दारू सोडलेली मानसं तिथं राहत्यात, नव्याला सांभाळत्यात. चला, मी संगं येतो."

मधवाल्याने डोळे बारीक केले. "फुकट?"

"फुकट."

झालं! त्याच्या डोक्यात किडा वळवळला. फुकट कोण कोणाचं करतं? मला तिकडे अडकवून हा माझी मोहोळं लुटणार. बायको रडत म्हणाली, "जाऊन तर या की वं!" तेव्हा हीसुद्धा भावाला सामील, असं त्याने ठरवून टाकलं. वैद्याने काढा पाठवला, तो त्याने उकिरड्यावर ओतला. त्यात काय कालवलं असेल, कोण जाणे!

संशय आला नाही तो गावात दारू विकणाऱ्या एकट्या दारूवाल्याचा. तो बिचारा कधी काही विचारत नसे, काही सोडायला सांगत नसे.

"मी धरतो की दोर," दारूवाला म्हणाला. "उतरायच्या आदी येक घोट घ्या, हात कसे थिर व्हतील."

मधवाला घोट घेऊन उतरला. थरथरता हात मोहोळाला लागला आणि माश्या उठल्या. "वड! वर वड!" तो ओरडला. वर कोणीच नव्हतं. चार माश्या अंगावर येताच दारूवाल्याने दोर झाडाला गुंडाळून पळ काढला होता. मधवाला कड्यावर लोंबकळत राहिला. तोंड सुजलं, डोळे मिटत आले. आता आपण मरणार, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात दोर हलला. घोंगडं पांघरलेला मेव्हणा, स्वतः डंख खात, त्याला वर ओढत होता.

वर येताच मधवाला धापा टाकत म्हणाला, "तू हितं कसा? माज्यावर पाळत ठेवत व्हतास!"

"व्हय, ठेवत व्हतो," मेव्हणा म्हणाला. "मन ऱ्हाईना, म्हनून करवंदीच्या जाळीमागं बसलो व्हतो."

मधवाल्याने त्याचा डंखांनी सुजलेला हात धरला. सूज उतरताच तो त्याच्यासोबत घाटाखालच्या घरी गेला.

तिथे एका म्हाताऱ्याने त्याला जवळ घेतलं. अंगाला कापरं भरलं की तो पाठ चोळायचा, ओकारी आली की भांडं पुढे धरायचा. मधवाल्याचा संशय मात्र जागाच होता.

"खरं सांगा बाबा, यात तुमचा काय फायदा?"

"फायदा हाय की," म्हातारा हसला. "मी बी असाच थरथरत आलतो. तुज्यापाशी बसलो की आजचा दिस माजा दारूबिगर निघतो. तू गेलास, तर मीच घसरंन एखाद्या दिशी."

 इतके दिवस मधवाला ज्याचा माग काढत होता, तो स्वार्थ अखेर सापडला होता, आणि त्याचा राग काही येत नव्हता. त्याला रडूच कोसळलं. दाराकडे तोंड करून बसलेला तो म्हाताऱ्याकडे वळला.

"मग मला जाऊ देऊ नका," तो म्हणाला.

तात्पर्य: व्यसन सोडवणाऱ्याचा संशय येतो आणि पाजणाऱ्याचा येत नाही, तेव्हा तो संशय आपला नसून व्यसनाचा असतो. त्याचं ऐकू नये, मदतीचा हात धरावा.