जात्याचा अबोला

घरोघरी दळण हातानं व्हायचं, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाईंच्या ओसरीवर एक जातं होतं. त्याला टाकी लावायला दरसाल भागाबाई टाकारीण यायची. छिन्नी-हातोडीनं ती त्याच्या तोंडाला शेकडो टवके पाडायची. जातं हूं की चूं करायचं नाही. दुसऱ्या दिवशी मऊसूत पीठ द्यायचं.

एका साली भागाबाईला उशीर झाला. दगड गुळगुळीत झाला, पीठ भरड पडू लागलं. तेव्हा शेजारी टांगलेलं सूप चार पाहुण्यांदेखत म्हणालं, "उचला याला आणि पायरीला लावा. पाय पुसायला तरी उपयोगी पडेल."

मग भागाबाई आली, पीठ पुन्हा मऊ झालं. पण कुणी पायरीवर पाय ठेवला की जात्याला सुपाचं ते बोलणं आठवायचं. सुपाशी तर ते बोलेनाच.

काही वर्षांनी सूप वैतागलं. "ती बाई तुला दरसाल फोडून काढते, तिच्यावर राग नाही. माझं एकदाचं बोलणं किती दिवस धरून बसायचं?"

जातं म्हणालं, "तिचे घाव दळता दळता झिजून जातात, म्हणून तर तिला दरसाल यावं लागतं. तुला पुन्हा बोलावं लागलं का?"