आंबट झाडाची अढी

बर्फाच्या डोंगराखाली देवदारांच्या जंगलात एक म्हातारी अस्वलीण राहत असे. जंगलालगत सफरचंदांची जुनी बाग होती. लावणारी माणसं कधीच गाव सोडून गेली होती, झाडं तेवढी उरली होती. बाळांनो, या अस्वलिणीला एकच ध्यास होता. ती पिल्लू असताना हिवाळ्याची झोप संपली, की आई तिच्यापुढे एक सफरचंद ठेवी. साल सुरकुतलेली, गर पिवळा नि मऊ, आणि गोडी मधाहून सरस. आई ते आणते कुठून, हे विचारायचं काही पिल्लाला सुचलं नाही. आता आई नव्हती, पण ती चव जिभेवरून जात नव्हती.

दर शरदात ती बागेतलं झाड न् झाड चाखून पाही. लाल फळं गोड, पण पाणचट. सोनेरी फळं रसाळ, पण ती नव्हेत. कोपऱ्यातल्या वाकड्या झाडाची तर गोष्टच सोडा! त्याची फळं तपकिरी, खरबरीत सालीची, दगडासारखी टणक, आणि आंबट इतकी की दात आंबून जात. दर वर्षी ती एक चावा घेई, थुंकून टाकी आणि हिरमुसून गुहेत शिरे. वीस वर्षं हेच चाललं. यंदा तर दातही हलू लागले होते. ती चव आता या जन्मी मिळत नाही, असं म्हणत ती झोपली.

पण म्हातारपणाची झोप ती केवढी! बर्फ पुरतं वितळण्याआधीच तिला जाग आली, आणि बागेकडून ओळखीचा वास आला. वासामागोमाग ती थेट वाकड्या झाडापाशी पोहोचली. बुंध्याशी पालापाचोळा उकरला, तर खाली सुरकुतलेली पिवळी सफरचंदं. एक तोंडात टाकताच तिचे डोळे भरून आले. तीच चव होती.

पाल्यातून एक रानउंदरीण धडपडत बाहेर आली. "मावशी, सगळी खाऊ नका. पिल्लांसाठी अढी घातली आहे."

"कुठल्या झाडाची गं ही?"

"याच झाडाची. तुम्ही दर वर्षी थुंकता ना, तीच. हिवाळाभर पाल्यात मुरली, की अशी होतात."

अस्वलिणीला आता कोडं उलगडलं. आईनेही अशीच अढी घातली असणार, आणि उठल्यावर पोटात भुकेची आग पडलेली असताना फळ लेकीपुढे ठेवलं असणार. "आई, तू खाल्लंस का गं?" तिने विचारलं. दुसऱ्या फळाला तिने तोंड लावलं नाही. पाला पुन्हा नीट सारखा केला आणि ती परतली.

पुढच्या शरदात तिने स्वतः मोठी अढी घातली. बर्फ वितळल्यावर जंगलातल्या पिल्लांपुढे एकेक सफरचंद ठेवलं. पिल्लं खाण्यात दंग झाली, कुठून आणलं हे कोणीच विचारलं नाही. तरी तिने सगळ्यांना सोबत नेलं आणि ते वाकडं झाड दाखवलं.

तात्पर्य : पहिल्याच घासाला आंबट म्हणून कोणाला टाकू नये, काहींची गोडी मुरायला वेळ लागतो, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवणारं कोणी तोवर उपाशी राहिलेलं असतं.