हातभर उजेडाचा दिवा

गडहिंग्लजमध्ये नळदुरुस्तीत हौसाक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिंकखाली शिरून काम करताना तोंडात बॅटरी धरून त्यांचे दात दुखायला लागले, तेव्हा कपाळावर बांधायचा चार्जिंगचा दिवा घ्यायला त्या भालचंद्रशेठच्या दुकानात गेल्या. पाण्याचे शिंतोडे सोसणारा एक स्वस्त दिवा त्यांनी उचलला, तसे शेठ भर गिऱ्हाइकांत हसले.

“अक्का, हे खेळणं कशाला? हा भारीतला घ्या. पाचशे मीटर झोत पडतो!”

“मग तुमच्याच कपाळाला बांधा, आणि त्याचं हमीपत्र वाचून दाखवा बघू.”

शेठनी दिवा लावला. गुळगुळीत कागदावरून झोत असा उलटला की त्यांचे डोळेच दिपले. एक अक्षर दिसेना.

अक्कांनी तो उतरवून स्वस्तातला दिवा त्यांच्या कपाळाला बांधला. आता शेठ खणखणीत आवाजात वाचू लागले, “दिव्याला पाणी लागल्यास हमी राहणार...” आणि घाईघाईनं हमीपत्राची घडी घालू लागले.

“शेठ, माझा नळ हातभर अंतरावर असतो आणि पाणी रोज डोक्यावर पडतं,” अक्का म्हणाल्या. “तुमच्या भारीतल्या दिव्याची खोट बघायलासुद्धा हाच लागला. हाच द्या.”