गबूच्या पोटातली वस्ती

हत्ती आणि वानरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. गबू नावाचं हत्तीचं पिल्लू दिवसभर गवत खाई, तरी त्याच्या बरगड्या दिसत. महिन्याभरात कळप नदी ओलांडणार होता आणि गबूला धड चालवत नव्हतं.

"बाळा, गवत पचवणारे इवले जीव तुझ्या पोटात अजून नाहीत," आई म्हणाली. "माझ्या लिदीत आहेत. थोडी खा."

"लीदखाऊ! लीदखाऊ!" झाडावरून वानरं खिदळली.

गबूने मान खाली घातली. आई रागावली नाही. ती गबूच्या आणि झाडाच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिली.

"आता कुणालाच दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "खा."

रोज ती तशीच उभी राहिली.

महिन्याने नदीच्या मधोमध आईने आधाराला सोंड पुढे केली.

"राहू दे गं," गबू म्हणाला, "मी येतो."