कोतवालीत अडकलेला हरण्या

ठकू तेलिणीचा हरण्या बैल भर चौकात जप्त झाला, आणि तेही राजाच्याच मुदपाकखान्याला तेल घालताना!

झालं होतं असं. आठवड्यापूर्वी तुंबगडच्या राजाची पालखी बाजारात एका गाडीमागे अडकली. अडकली म्हणजे किती? एक विडा चघळून होईस्तोवर. पण राजा पडला हट्टी. वाड्यात पोचायच्या आधीच त्यानं दवंडी पिटवली, "चौकात कुणाचंही वाहन थांबता कामा नये! थांबेल त्या वाहनाला गेरूचा पट्टा, आणि वाहन ओढून-वाहून नेणारा जप्त! लहानथोर कुणालाही सूट नाही!"

कोतवाल रंगराव तर असल्या हुकमाची वाटच बघत होता. गेरूचं मडकं काखेत मारून तो चौकात हिंडायला लागला. कुंभाराचं गाढव गेलं. भाजीवाल्याचा रेडा गेला. एक म्हातारा गाडी थांबवून शिंकला, दुसरी शिंक येईपर्यंत त्याचे बैल कोतवालीत!

ठकूबाई वाड्याच्या आचाऱ्याला तेल मोजून देत होती. मागं वळून बघते तर चाकावर लाल पट्टा आणि हरण्याचं दावं रंगरावाच्या हातात.

"अहो कोतवालदादा, तेल मोजतेय मी! धावत्या गाडीतनं धार कुठं धरू? तुमच्या टकलावर?"

"जास्त बोलू नकोस. सोमवारी जप्तीची सगळी जनावरं दगडाच्या खाणीवर जाणार."

हरण्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा बोटानं दूध चाटवून ठकूबाईनं त्याला वाढवलेला. आणि खाणीवर गेलेलं जनावर परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पदर खोचून ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, गाडी थांबली ती तुमच्याच भज्यांच्या तेलासाठी हो!"

"कारण काहीही असो," राजा म्हणाला, "थांबला तो थांबला!"

"मग माणसांनी बाजार करायचा कसा?"

राजानं मिशीला पीळ दिला. "सांगतो की! उद्या बाजार भरल्यापासून दुपारची तोफ होईस्तोवर बैल चौकात आण आणि धंदा कर. बैल थांबता कामा नये, आणि चौकातून कुठं जाताही कामा नये. जमलं, तर बैल तुझा. नाही जमलं, तर त्याच्या जोडीला तूही खाणीवर!"

दरबार खिदळला. ठकूबाईही हसली.

"इतकंच होय? मी म्हटलं, काहीतरी अवघड सांगताय. सकाळपुरता बैल तेवढा सोडा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या आळीतल्या माणसांनी तिचा लाकडी घाणा ओंडक्यांवरून ढकलत चौकात आणला. मधोमध खड्डा खणून रोवला. रंगराव धावत आला.

"ए बाई! भर चौकात खड्डा?"

"दंड वाहनांना आहे दादा, खड्ड्यांना नाही. खड्ड्यांना लावलात, तर या गावात पहिले तुम्हीच भरायला बसाल!"

"मग हा घाणा थांबलाय त्याचं काय?"

"त्याची चाकं दाखवा आणि खुशाल पट्टा मारा."

ठकूबाईनं घाण्यात करडई ओतली, हरण्याच्या डोळ्यांना झापडं बांधली आणि त्याला जुंपला. हरण्या चालायला लागला. त्याला ते रोजचंच! त्याच्या समजुतीनं दोन गावं मागं पडली, तिसऱ्याची वेस आली. आणि होता आपला तिथंच! खाली तेल ठिबकत होतं, गिऱ्हाईक बुधले घेऊन येत होतं, बाई मोजून देत होती.

बैल कुठं थांबतोय का, हे बघायला रंगराव त्याच्या मागोमाग फिरायला लागला. वीस फेऱ्या झाल्या, तीस झाल्या. चाळिसाव्या फेरीला त्याला गरगरलं आणि तो धप्पकन बसला, तो नेमका गेरूच्या मडक्यावर!

"थांबला! थांबला! कोतवाल थांबला! पट्टापण बसला!" सगळा चौक ओरडला.

तो गलका वाड्यापर्यंत गेला. राजा पालखीतून निघाला. आठ भोयांनी घाण्यापाशी पालखी काठ्यांवर टेकवली. राजानं डोकं बाहेर काढलं.

"बैल थांबलाय का गं?"

"चालतोय की महाराज."

"मग कुठं चाललाय?"

"कुठंच नाही!"

राजा आ वासून बघत राहिला. एक फेरी, दुसरी फेरी, दहावी फेरी... आणि धडाम्! दुपारची तोफ झाली.

ठकूबाईनं सांडलेल्या गेरूत बोटं बुडवली आणि पालखीच्या दांड्यावर ठसठशीत पट्टा ओढला.

"हे काय! अगं, मी तुझा घाणा बघायला थांबलो!"

अख्खा चौक एका सुरात बोलला, "कारण काहीही असो, थांबला तो थांबला!"

"आणि नेणारा जप्त," ठकूबाईनं भोयांकडं बोट केलं. "आठ आहेत."

थोरल्या भोयानं लगेच खांदा काढून घेतला. "सरकार, तुमचाच हुकूम!" दिवसा बसायला मिळालं म्हणून त्याचा आनंद मिशीत मावेना.

राजानं खाली उतरून टेकडीवरच्या वाड्याकडं बघितलं. तीनशे पायऱ्या! "अगं, मग मी वर जाऊ कसा?"

"चालत, महाराज. पण थांबू नका हं! थांबलात, तर तुम्हाला नेणारे तुमचे पायच जप्त करावे लागतील!"

राजानं घाईघाईनं एक पाय उचलला, मग दुसरा. थांबायची सोय नव्हती आणि निकाल दिल्याशिवाय जायचीही नव्हती, म्हणून तो हरण्याच्या मागून घाण्याभोवती फिरायला लागला. दुसऱ्या फेरीला त्याचं त्यालाच हसू फुटलं. हसता हसता पोट धरलं, पण पाय चालूच!

"सोडा रे सगळी जनावरं!" तो फिरता फिरता ओरडला. "भोईही सोडा! माझ्या घोड्यांचं मैदान गाड्यांना उभं राहायला द्या! आणि वाड्याचं तेल जन्मभर या बाईकडूनच!"

तिसऱ्या फेरीला त्यानं अंगावरचा जरीचा शेला काढून हरण्याच्या पाठीवर टाकला.

हरण्याला पत्ताच नाही. झापडांआड तो एव्हाना चौथ्या गावाला पोचला होता.