टिंबूची मिटलेली मूठ

कॉम्प्युटरच्या पोटात एक आई होती. तिने टिचकी वाजवली, टिक! झाला टिंबू. हुबेहूब आईसारखा.
आईचं नाक नकटं, टिंबूचं नाक नकटं.
आईच्या मुठीत दोरी, टिंबूच्या मुठीत दोरी.

दोरी होती नळीताईची. दोरी धरली की तिचं वरचं तोंड उघडं. आ!

आईने वरून टिंबूचं नाव ओतलं. टिं... बू... गुडुप! मग आईने आपली दोरी सोडून दिली. टिंबूने खालून नाव प्यायलं. गट गट गट!

आता नाव पडद्यावर यायचं होतं. पण कुठलं काय! पडदा कोराच.

टिंबू निघाला. टुण टुण, मूठ घट्ट.

"पडदेकाका, माझं नाव दाखवा ना!"
"ए शेंबड्या, चल हट. आधी आईला हो म्हणू दे."

टुण टुण, मूठ घट्ट.

"आई, हो म्हण ना! पडदेकाका नाव दाखवेना. मी काय करू?"
"असं कसं हो म्हणू? पुढे 'राव' असलं तर? आधी नळीताईला संपलं म्हणू दे."

टुण टुण, मूठ घट्ट.

"नळीताई, संपलं म्हण ना! आई हो म्हणेना. पडदेकाका नाव दाखवेना. मी काय करू?"
"वरचं तोंड आ करून बसलेय मी! अजून काही आलं म्हणजे? कोणीतरी दोरी धरलीय. कोणी, ते साहेबांना विचार. सगळ्या दोऱ्यांची वही त्यांच्याकडे असते."

टुण टुण, मूठ घट्ट.

साहेब चहा पीत होते. फुर्रर्र!

"साहेब, दोरी सोडवा ना! नळीताई संपलं म्हणेना. आई हो म्हणेना. पडदेकाका नाव दाखवेना. मी काय करू?"
"थांब रे. आधी चहा संपू दे."

फुर्रर्र. फुर्रर्र. फुर्ररररर!

मग साहेबांनी वही उघडली. "हं. दोऱ्या दोन. एक आईची. सुटली. दुसरी... टिंबूची! अरे टोणग्या, मुठीत बघ!"

सगळे हसले. खी खी खी! पडदेकाका तर पोट धरून हसले.

टिंबूने मूठ वर केली. "ही मूठ? ही तर मी सगळ्यांच्या नाकासमोर नाचवली. काका, दिसली नाही? आई, तुला? नळीताई, दोरी तर तुझीच!"

साहेबांनी कपात तोंड खुपसलं. कप रिकामा!

टिंबूने मूठ उघडली.
दोरी सुटली. सुर्रर्र!
नळीताईचं वरचं तोंड मिटलं. टप्प!
खालच्या तोंडाने नळीताई म्हणाली, "संपलं!"
आई म्हणाली, "हो!"
पडदेकाकांनी नाव दाखवलं. हे एवढं मोठं. टिंबू!

"आणि माझं नाव?" साहेब म्हणाले.
"थांबा हं," टिंबू म्हणाला. "आधी माझा चहा संपू दे."

दोरी सुटली, गोष्ट मिटली.
आता तू मूठ उघड बघू. काय लपवलंयस?